करपा एक, कारणे अनेक : वनस्पतींवरील बुरशीची ओळख आणि वर्गीकरण

भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट आणि मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या गोदामांच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. तथापि ठाणे जिल्ह्यातील या तालुक्याचे मूळचे पीक भात हेच होय. कामवारी आणि तानसा या नद्यांच्या खोऱ्यांतील खाचरे आजही आषाढात लावणीने हिरवी होतात. पावसाळ्याचे चार महिने येथे आकाश भरलेले, हवा दमट आणि पाने ओली असतात. भाताला जे मानवते तेच भाताच्या शत्रूंनाही मानवते. श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास पानांवर डाग दिसू लागले की शेतकरी ‘करपा आला’ असे म्हणतो आणि औषधाच्या दुकानाची वाट धरतो. फवारणी करूनही रोग हटला नाही, तर दोष कधी औषधाला, कधी पावसाला, तर कधी नशिबाला दिला जातो. पुष्कळदा चूक त्याआधीच झालेली असते. रोगाचे नावच चुकलेले असते.

वनस्पतींवर वाढणाऱ्या बुरशींना शास्त्रज्ञ नावे कशी देतात, त्यांचे गट कसे पाडतात, ही नावे वारंवार का बदलतात आणि या साऱ्याचा खाचरातील पिकाशी व गोदामातील धान्याशी काय संबंध आहे, याची माहिती प्रस्तुत लेखात द्यावयाची आहे.

बुरशी ही वनस्पती नव्हे

भाकरीवरील बुरशी, द्राक्षावरील भुरी, गव्हावरील तांबेरा, ज्वारीवरील काणी आणि पावसाळ्यात उगवणारी अळंबी हे सारे एकाच विस्तीर्ण परिवाराचे सदस्य होत. या परिवारास शास्त्रीय परिभाषेत ‘कवक’ असे म्हणतात. कवकांमध्ये हरितद्रव्य नसते. त्यामुळे सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने स्वतःचे अन्न तयार करणे त्यांना शक्य नसते. त्यांचे शरीर कापसाच्या धाग्यांहूनही कितीतरी बारीक अशा तंतूंचे बनलेले असते. हे तंतू पाचक रस बाहेर सोडतात, भोवतालचे अन्न विरघळवितात आणि मग ते शोषून घेतात. खेकड्याच्या आणि झिंग्याच्या कवचात आढळणारे कायटिन हे द्रव्य त्यांच्या पेशींच्या भिंतीत असते. प्रसार होतो तो धुळीच्या कणांसारख्या सूक्ष्म बीजुकांद्वारे.

दीर्घकाळ कवकांची गणना वनस्पतींतच होत असे. १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञाने सजीवांच्या पाच सृष्टी मानून कवकांना स्वतंत्र स्थान दिले. पुढे डीएनएच्या अभ्यासातून असे निष्पन्न झाले की, नात्याने कवके वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची आहेत. आजवर सुमारे दीड लाख जातींचे वर्णन झाले आहे. प्रत्यक्षात त्यांची संख्या २२ ते ३८ लाख असावी, असा अंदाज २०१७ मध्ये मांडण्यात आला. म्हणजे या सृष्टीचा फार मोठा भाग अद्याप बेनाव आहे.

वर्गीकरणाची उतरंड महसूल खात्यातील व्यक्तींना अपरिचित वाटू नये. राज्य, विभाग, जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक या क्रमाने जसे जमिनीच्या तुकड्यापर्यंत पोहोचता येते, तसेच सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती या क्रमाने एका विशिष्ट सजीवापर्यंत पोहोचता येते. लिनीअसने १७५३ मध्ये वनस्पतींसाठी रूढ केलेल्या पद्धतीनुसार शास्त्रीय नावात शेवटचे दोनच शब्द असतात : आधी प्रजाती, नंतर जाती. गाव आणि गट क्रमांक एवढे सांगितले की तलाठ्याला जमीन सापडते, तसेच हे आहे. मात्र गट क्रमांक चुकला, तर शेजाऱ्याच्या शेतात नांगर फिरतो.

एक नाव, तीन रोग

भातावरील ‘करपा’ हे याचे उत्तम उदाहरण होय. बोलीभाषेत करपा म्हणून ओळखले जाणारे किमान तीन रोग कोकणातील भातावर येतात आणि तिन्हींचे कारण निरनिराळे आहे.

पहिला खरा करपा. पानांवर दोन्ही टोकांना निमुळते, मध्यभागी राखाडी आणि कडेला तपकिरी असे चातीच्या आकाराचे ठिपके पडतात. लोंबीच्या मानेवर हाच रोग आला की मान काळी पडून मोडते आणि दाणे पोचट राहतात. त्या अवस्थेला ‘मानमोडी’ म्हणतात. याला कारण असणाऱ्या बुरशीचे नाव पिरिक्युलेरिया ओरायझी. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे बीजुक नासपती फळासारखे दिसते, त्यात तीन कप्पे असतात. ‘पिरिक्युलेरिया’ हे नाव त्या आकारावरूनच पडले. ओल्या पानावर पडलेले बीजुक रुजून एक घुमटाकार अवयव तयार करते. त्यातील दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ऐंशी पट होतो आणि त्या जोरावर बुरशी पानाची त्वचा भोसकून आत शिरते. तंजावरच्या खोऱ्यात १९१९ मध्ये या रोगाची मोठी साथ आली होती.

दुसरा कडा करपा. पानाच्या शेंड्याकडून सुरू होऊन कडेकडेने नागमोडी पिवळा पट्टा खाली उतरतो आणि पान पेंढ्याच्या रंगाचे होते. हा रोग बुरशीचा नव्हेच. तो झँथोमोनास या जिवाणूमुळे होतो. याची साधी परीक्षा शाळेतही करता येते. रोगट पानाचा ताजा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात उभा धरला, तर थोड्या वेळाने कापलेल्या टोकातून दुधासारखा गढूळ स्राव खाली उतरताना दिसतो. तो लक्षावधी जिवाणूंचा असतो. अशा शेतात बुरशीनाशक फवारणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय.

तिसरा पर्णकोष करपा. यात पाण्याच्या पातळीजवळ खोडाला वेढणाऱ्या पानाच्या देठावर हिरवट-राखाडी डाग पडतात. ते एकमेकांत मिसळून सापाच्या कातडीसारखी नक्षी दिसते. ऱ्हायझोक्टोनिया सोलॅनी ही याची बुरशी जमिनीत मोहरीएवढ्या कठीण गाठींच्या रूपाने टिकून राहते व पाण्याबरोबर एका खाचरातून दुसऱ्यात जाते.

यांखेरीज करप्याशी हमखास गल्लत होते ती तपकिरी ठिपक्यांची. हे ठिपके तिळाच्या आकाराचे, लंबगोल असतात व त्यांच्याभोवती पिवळसर वलय असते. बुरशी बायपोलॅरिस ओरायझी. येथे नावाची चूक विशेष महागात पडते. नत्र खत अधिक झाले की खरा करपा बळावतो; म्हणून करपा दिसताच युरिया आवरता घ्यावा, असा सल्ला दिला जातो. उलट तपकिरी ठिपके मुख्यतः निकस, अन्नद्रव्यांची उणीव असलेल्या जमिनीतील उपाशी पिकावर येतात. तिथे खताचा हात आखडला, तर रोग वाढतो. म्हणजे दोन ठिपक्यांतील फरक ओळखता न आल्यास दिलेला सल्ला नेमका उलटा ठरतो. १९४२ च्या हंगामात बंगालमध्ये या तपकिरी ठिपक्यांच्या रोगाने भाताचे अतोनात नुकसान केले. १९४३ च्या दुष्काळास युद्धकालीन धोरणे, भाववाढ व धान्यवाटपातील दोष कारणीभूत झालेच. पण त्या चर्चेत या बुरशीचेही नाव घेतले जाते.

नावांचा फेरफार

शेतकऱ्यांचा आणि नवशिक्या कर्मचाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न असा की, शास्त्रज्ञ नावे सारखी का बदलतात? जुन्या पुस्तकात भातावरील तपकिरी ठिपक्यांच्या बुरशीचे नाव हेल्मिंथोस्पोरियम, त्यानंतरच्या पुस्तकात ड्रेश्लेरा, आणखी एकात कॉक्लिओबोलस, तर आता बायपोलॅरिस असे आढळते. बुरशी तीच, नावे चार. यामागे मनमानी नसून इतिहास आहे.

बुरशींच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया इटलीतील पिएर अँटोनिओ मिकेली याने १७२९ मध्ये घातला. खरबुजाच्या फोडींवर बीजुके पेरून तीच बुरशी पुन्हा उगवते, हे त्याने दाखविले. एका बुरशीचे टोक त्याला चर्चमध्ये पवित्र जल शिंपडण्याच्या साधनासारखे दिसले. म्हणून त्याने तिला ‘ॲस्परजिलस’ असे नाव दिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतीलच सक्कार्डो याने जगभरातील ज्ञात कवकांचा महाकोश सिद्ध करण्यास प्रारंभ केला. त्याचा पहिला खंड १८८२ मध्ये निघाला. त्याचे वर्गीकरण मुख्यतः बीजुकांचा रंग, आकार व कप्पे यांवर आधारलेले होते. ते सोयीचे होते. पण केवळ अंगरख्याच्या रंगावरून माणसांचे गोत्र ठरविण्यासारखे होते.

खरी अडचण पुढेच होती. अनेक कवकांना दोन अवस्था असतात. एका अवस्थेत नर-मादी मीलनाखेरीज बीजुके तयार होतात. वनस्पतीवर दिसणारी बुरशी बहुधा हीच. दुसऱ्या अवस्थेत लैंगिक मीलन होते. ती क्वचित, अनेकदा निराळ्या ऋतूत किंवा केवळ प्रयोगशाळेत दिसते. दोन्ही अवस्था एकाच सजीवाच्या आहेत, हे कळण्याआधीच त्यांना दोन नावे मिळालेली असत. जिची लैंगिक अवस्था सापडली नव्हती, अशा सर्व बुरशींना ‘अपूर्ण कवके’ या तात्पुरत्या कप्प्यात ठेवण्यात आले. वारस सापडेपर्यंत मिळकत सरकारी देखरेखीखाली ठेवावी, तसाच हा प्रकार. पुढे हा तात्पुरता कप्पाच इतका फुगला की, त्यात हजारो जाती जमा झाल्या. १९५३ मध्ये एस. जे. ह्यूज यांनी बीजुके कशी दिसतात यापेक्षा ती कशी उत्पन्न होतात, हे पाहून या गर्दीची नव्याने मांडणी करावी असे सुचविले. आपल्या देशात सी. व्ही. सुब्रमणियन यांनी याच दिशेने काम केले. या कवकांवरील त्यांचा ग्रंथ भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने १९७१ मध्ये प्रसिद्ध केला.

करप्याच्या बुरशीचा फेरफार या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिला पिरिक्युलेरिया ओरायझी असे नाव मिळाले. १९७१ मध्ये प्रयोगशाळेत तत्सम बुरशीची लैंगिक अवस्था दिसून आली आणि काही वर्षांतच मॅग्नापोर्थे ग्रिसिया हे दुसरे नाव रूढ झाले. २००२ मध्ये डीएनएच्या आधारे असे सिद्ध झाले की, तणावर वाढणारी आणि भातावर वाढणारी या दोन भिन्न जाती आहेत. भातावरील जातीस मॅग्नापोर्थे ओरायझी म्हणण्यात येऊ लागले. २०११ मध्ये मेलबर्न येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने ‘एक कवक, एक नाव’ हे तत्त्व स्वीकारले आणि दुहेरी नावांची प्रथा १ जानेवारी २०१३ पासून संपुष्टात आली. त्यानंतर तज्ज्ञांनी जुने पिरिक्युलेरिया ओरायझी हेच नाव ठेवण्याची शिफारस केली. सव्वाशे वर्षांचा प्रवास करून नाव घरी परतले. तरीही गेल्या काही दशकांतील संशोधन मॅग्नापोर्थे या नावाखाली नोंदले गेले असल्याने वाचकास दोन्ही नावे ठाऊक असलेली बरी.

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. शास्त्रीय नामकरणात जुने नाव पुसून टाकले जात नाही. कोणी, कोणत्या वर्षी, कोणत्या नमुन्यावरून नाव दिले आणि पुढे ते का बदलले, याची नोंद कायम राहते. फेरफार नोंदवहीप्रमाणेच ही साखळी अखंड असते. म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीचा अहवाल आजही उपयोगी पडतो.

पासष्ट की नऊ?

जातींच्या सीमारेषा किती बारकाईने आखाव्यात, हाही वादाचा विषय होय. मर रोग आणणाऱ्या फ्युजेरियम या प्रजातीची कथा बोलकी आहे. ही प्रजाती १८०९ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या सव्वाशे वर्षांत तिच्यात सुमारे हजार नावे जमा झाली. १९३५ मध्ये वोलेनवेबर आणि राइनकिंग या दोघांनी छाननी करून ती ६५ जातींवर आणली. पुढच्या दहा वर्षांत अमेरिकेतील स्नायडर आणि हॅन्सन यांनी ती आणखी आटोपती घेऊन केवळ नऊ जाती मानल्या. ओळखणे सोपे झाले. पण विषारी आणि निर्विष बुरशी एकाच नावाखाली आल्याने त्या काळातील कित्येक नोंदींचा अर्थ लावणे पुढे कठीण झाले. १९८० च्या दशकात जातींची संख्या पुन्हा वाढविण्यात आली आणि आज डीएनएच्या आधारे ती शेकड्यांत मोजली जाते. अतिबारीक वाटे पाडले तर ओळख पटविणे दुरापास्त होते आणि सरसकट एकत्र केले तर उपयुक्त भेद बुडतात.

शेतकऱ्याला याचा संबंध कुठे येतो? भिवंडीकडे खाचरांच्या बांधावर तूर लावण्याची चाल आहे. तुरीचा मर रोग फ्युजेरियम उडम या बुरशीने येतो. हिचे वर्णन एडविन बटलर यांनी भारतात काम करीत असताना १९१० मध्ये केले. हरभऱ्याचा मर आणि केळीचा मर मात्र फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या जातीच्या दोन वेगवेगळ्या खास रूपांमुळे येतात. दिसायला ही रूपे सारखीच. पण हरभऱ्याचे रूप केळीला बाधत नाही आणि केळीचे हरभऱ्याला बाधत नाही. पिकांची फेरपालट कशाशी करावी, याचे उत्तर या सूक्ष्म भेदातच आहे. केळीच्या या बुरशीचा ‘उष्ण कटिबंधीय वंश चार’ म्हणून ओळखला जाणारा घातक प्रकार बिहारमध्ये आढळल्याची नोंद २०१९ मध्ये झाली. केळीचे आगर असलेल्या जळगाव जिल्ह्याच्या दृष्टीने परराज्यातून येणाऱ्या कंदांची ओळख व तपासणी हा म्हणूनच जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

दिसते एक, असते दुसरे

नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला केवडा आणि भुरी हे दोन रोग पाठ असतात. दोन्हींत पानावर पांढरी वाढ दिसते. भुरीची बुरशी खरी कवक होय. केवड्याचा जंतू मात्र कवकासारखा दिसत असूनही कवक नव्हे. त्याच्या पेशींची भिंत मुख्यतः कायटिनची नसून सेल्युलोजसारख्या द्रव्यांची असते आणि नात्याने तो समुद्रातील तपकिरी शैवालांच्या गोतावळ्यातील आहे. दक्षिण कोकणात सुपारीची फळे गळविणारा कोळेरोग आणि १८४५ पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ आणणारा बटाट्याचा करपा हे याच गोतावळ्यातील फायटोफ्थोरा या प्रजातीचे पराक्रम होत. हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. गंधक भुरीला आवरते, केवड्यावर त्याचा उपयोग होत नाही. मेटॅलॅक्झिल केवड्याच्या गटावर चालते, भुरीवर चालत नाही. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण मुळात फ्रान्समधील द्राक्षांवरील केवड्यासाठी १८८५ मध्ये पुढे आले. औषधाची निवड रोगजंतूच्या कुळाकडे पाहूनच करावी लागते.

भाताच्या लोंबीत एखाद्या दाण्याच्या जागी मखमली, पिवळट-हिरवा गोळा दिसतो. त्याला आभासी काणी म्हणतात. तिरुनेलवेलीहून पाठविलेल्या नमुन्यावरून एम. सी. कुक यांनी १८७८ मध्ये तिला काणीच्या प्रजातीत बसविले. पुढे कळले की, ती खऱ्या काणीच्या कुळातील नव्हेच. ज्वारी-बाजरीवरील अरगटाच्या ती अधिक जवळची आहे. चांगला पाऊस झालेल्या वर्षी, भरघोस पिकात ती दिसते. त्यामुळे देशाच्या काही भागांत तिला ‘लक्ष्मी रोग’ म्हणत आणि ती शुभशकुन मानली जाई. हा गोळा म्हणजे बीजुकांची रास असून तीत विषारी द्रव्येही असतात, हे ध्यानात घेऊन असे दाणे बियाण्यात किंवा खाण्यात येऊ देऊ नयेत.

गोदामातील बुरशी

भिवंडीचा आजचा चेहरा गोदामांचा असल्याने धान्यावरील बुरशीचा विचार येथे अपरिहार्य ठरतो. धान्यावरील बुरशीचे दोन गट मानले जातात. अल्टरनेरिया, कर्व्हुलेरिया, फ्युजेरियम यांसारख्या बुरशी शेतातच, ओल्या कणसावर शिरतात. ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम या बुरशी मुख्यतः साठवणीत, त्यामानाने कमी ओलीतही वाढतात. म्हणून पहिल्या गटाचा बंदोबस्त कापणीपूर्वी व मळणीच्या वेळी आणि दुसऱ्याचा वाळवणीत व कोठारात करावयाचा असतो.

१९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात व्याधीने मेले. त्यांना दिलेल्या भुईमुगाच्या पेंडीत ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी सापडली. तिच्या विषाला तिच्याच नावाची अक्षरे जोडून ‘ॲफ्लाटॉक्सिन’ असे नाव देण्यात आले. हे विष यकृतावर आघात करते व कर्करोगास कारणीभूत होते. शिजविल्याने ते नाहीसे होत नाही. १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरील आदिवासी भागात अवकाळी पावसात भिजलेला मका खाल्ल्यामुळे ३९७ जणांना यकृताची बाधा झाली. त्यांपैकी १०६ दगावले. १९९५ मध्ये कर्नाटक व आंध्र प्रदेशातील काही खेड्यांत पावसाने काळवंडलेली ज्वारी आणि मका खाल्ल्याने पोटदुखी व अतिसाराची साथ आली. तेथे विष होते फ्युजेरियमचे. त्यापूर्वी, तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगट लागलेल्या बाजरीने विषबाधा झाल्याची वैद्यकीय नोंद १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तीन प्रसंग, तीन निराळ्या प्रजाती, तीन निराळी विषे. आणि तिन्ही ठिकाणी खाणाऱ्याच्या लेखी मात्र ते केवळ ‘भिजलेले धान्य’ होते.

या संदर्भात ॲस्परजिलसची आणखी एक जात उल्लेखनीय आहे. ॲस्परजिलस ओरायझी ही फ्लेव्हसची जणू जुळी बहीण. सूक्ष्मदर्शकाखाली अनुभवी डोळेही फसतात. परंतु ती ॲफ्लाटॉक्सिन तयार करीत नाही. जपानमध्ये शतकानुशतके सोयाबीनचे सॉस आणि तांदळाचे मद्य तिच्याच साहाय्याने तयार केले जाते. नात्याने इतक्या जवळच्या या दोन बुरशींना वेगळी नावे राखण्यात व्यवहाराचा मोठा भाग आहे : एक नाव अन्नाच्या यादीत, दुसरे विषाच्या. आपल्या देशात धान्यातील ॲफ्लाटॉक्सिनची कमाल मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम ठेवण्यात आली आहे. अशी मर्यादा पाळावयाची, तर बुरशी ओळखणारे प्रशिक्षित डोळे आणि प्रयोगशाळा दोन्ही हव्यात.

महाराष्ट्रातील कार्य

कवकांच्या अभ्यासाची परंपरा आपल्या राज्यात जुनी आहे. मुंबईत अध्यापन करणारे प्रा. एस. एल. आजरेकर यांनी ज्वारीच्या कणसातून मधासारखा चिकट स्राव आणणाऱ्या रोगाचा अभ्यास १९२६ मध्ये प्रसिद्ध केला. ही अपूर्ण अवस्थेतील बुरशी अरगटाच्या कुळातील असावी, या दिशेने तो निर्देश करीत होता. तिची पूर्णावस्था सापडून तिला क्लॅव्हिसेप्स सॉर्घी हे नाव मिळाले ते १९७६ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी. वर्गीकरणाच्या कामाला किती धीर लागतो, याचे हे उदाहरण होय.

पुण्यात १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था स्थापन झाली. प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे तिचे संस्थापक संचालक. १९९२ पासून ती आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. वाळवून जतन केलेल्या कवकांचा तेथील संग्रह प्रा. आजरेकर यांच्या नावाने आहे आणि जिवंत कवकांचा राष्ट्रीय संवर्धन संग्रहही तेथेच आहे. १९७१ मध्ये एम. एन. कामत, पी. जी. पटवर्धन, व्ही. जी. राव आणि ए. व्ही. साठे यांनी तयार केलेली महाराष्ट्रातील कवकांची सूची राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसिद्ध केली. कोकणासाठी दापोली येथे १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले; त्याच्या कर्जत येथील प्रादेशिक संशोधन केंद्रात भाताच्या जाती व रोग यांवर काम चालते. भिवंडीच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हे केंद्र सर्वांत जवळचे आणि उपयुक्त होय.

वाळलेल्या पानांच्या जुन्या पाकिटांना काय महत्त्व, असे कोणी विचारील. नाव ज्या नमुन्यावरून दिले गेले तो नमुना हाच अखेरचा पुरावा असतो. वाद उद्भवला की सीमेचा मूळ दगड पाहावा, त्याप्रमाणे शास्त्रज्ञ या पाकिटाकडे वळतात. आता तर शंभर वर्षांपूर्वीच्या वाळक्या पानातूनही बुरशीचा डीएनए काढता येतो.

गावपातळीवर काय करता येईल

वर्गीकरण हे तज्ज्ञांचे काम असले, तरी त्याचा पहिला दुवा गावातच असतो. नमुना चांगला असेल तरच निदान अचूक होते. यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात.

रोगट पान पूर्ण कुजलेले घेऊ नये. निरोगी आणि रोगट भाग यांची सीमा दिसेल असे घ्यावे. मर रोगाच्या बाबतीत झाड मुळांसकट उपटावे. नमुना प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नये. त्यात तो घामेजतो आणि कुजविणारी भलतीच बुरशी त्यावर माजते. जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत पाने सपाट ठेवून कागदी पाकिटात घालावीत. पाकिटावर गाव, तारीख, भाताची जात, लावणीची तारीख, दिलेली खते आणि रोग शेतात सर्वत्र आहे की पाण्याच्या वाटेनेच पसरला आहे, हे लिहावे. ही चार ओळींची टिपणी तज्ज्ञाला सूक्ष्मदर्शकाइतकीच मदत करते. असा नमुना तालुक्याच्या कृषी कार्यालयामार्फत किंवा कृषी विज्ञान केंद्रामार्फत पाठवावा आणि उत्तर येईपर्यंत अंदाजाने फवारणी करण्याचे शक्यतो टाळावे.

माध्यमिक शाळांतील शिक्षकांना यात मोठा वाव आहे. विद्यार्थ्यांनी आपल्याच गावच्या शेतातील रोगट पाने वाळवून, नाव-तारखेसह एका वहीत लावली, तर दोन-तीन वर्षांत त्या गावाच्या पीकरोगांचा इतिहास तयार होतो. कडा करप्याची पेल्यातील परीक्षा आणि ओल्या भाकरीवरील बुरशीचे भिंगातून निरीक्षण यांसाठी खर्चिक साहित्य लागत नाही.

पंचायत सदस्यांनी सुगीपूर्वीच्या ग्रामसभेत वाळवणीचा विषय अवश्य घ्यावा. भाताचा दाणा दाताखाली कटकन तुटला पाहिजे. ओल १४ टक्क्यांच्या वर असता कामा नये. पोती भिंतीला टेकवून अथवा उघड्या जमिनीवर न रचता लाकडी फळ्यांवर ठेवावीत. बुरसटलेले धान्य, पेंड किंवा पेंढा गुरांना घालून ‘वाया जाऊ दिले नाही’ असे समाधान मानू नये. ॲफ्लाटॉक्सिनयुक्त पेंड खाल्लेल्या गाई-म्हशींच्या दुधातही त्या विषाचा अंश उतरतो आणि ते दूध लहान मुलांच्याच वाट्याला अधिक येते.

जगात बुरशीमुक्त शेत नाही आणि असू नये. कारण पालापाचोळा कुजवून जमिनीला कस देणाऱ्या, झाडांच्या मुळांना अन्न पुरविणाऱ्या बुरशीही याच परिवारातील आहेत. मित्र कोण आणि शत्रू कोण, हे ठरविण्याचा मार्ग नावावरूनच जातो. येत्या हंगामात पानावर पहिला ठिपका दिसताच फवारणीच्या पंपाला हात घालण्यापूर्वी त्याचा आकार, रंग आणि कड निरखून पाहण्याची सवय भिवंडी तालुक्यातील शेतकऱ्यांनी लावून घेतली, तर अकारण होणारा पुष्कळसा खर्च वाचेल आणि उपाय वेळेवर होईल.